बांधातली भोकं रिकामी का पडली? रानमाश्या आणि बदलतं हवामान

ओलीमाती (धागाकर्ती)

नमस्कार. एरवी मी नुसती वाचनमात्र. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या.

आमच्या घरामागे मातीचा एक बांध आहे. कंबरेइतका उंच, आठ-नऊ पावलं लांब. पूर्वी तिथे मातीची भिंत होती. ती पडली, माती तिथेच राहिली आणि कुणी हलवली नाही. त्याच्या उभ्या अंगावर पेन्सिल जाईल एवढाली भोकं आहेत. सुरुवातीला मला वाटायचं मुंग्यांची असतील. मग एके सकाळी मधमाशीच्या जातकुळीतली एक रानमाशी तिथे हवेतच थबकलेली दिसली. पोटावर काळ्या-निळ्या पट्ट्या, आणि निळा कसा, तर मोरपिसाची बारीक पट्टी चिकटवल्यासारखा. आवाज बारीक, चिरका. क्षणभर अधांतरी थांबली आणि थेट एका भोकात शिरली. आजूबाजूला तसलीच वीसेक भोकं होती, पण ही चुकली नाही.

तेव्हापासून वही ठेवली. पद्धत साधी आहे. हंगाम ऐन भरात असताना पाच दिवस सकाळी तासभर बसायचं, आणि ज्या भोकातून माशी आत-बाहेर करते त्याच्याजवळ एक काडी टोचायची. शेवटी काड्या मोजायच्या. २०१८ साली ६४ झाल्या. २०१९ ला ५८, २०२० ला ७१. २०२२ ला ३३, २०२३ ला २७, २०२४ ला १९. यंदा सहा.

२०२२ मध्ये ऐन घरटी करायच्या दिवसांत अवेळी पाऊस आला, तीन दिवस, तिरका. बांधाच्या तोंडावरचा वीतभर थर सरळ खाली बसला. त्या ढेकळांत मला शेंगदाण्याएवढ्या मातीच्या कुप्या सापडल्या, आतून गुळगुळीत, मेण लावल्यासारख्या. दोन फुटलेल्या होत्या, आत पिवळा लगदा आणि बुरशी. २०२४ मध्ये त्याच्या उलट झालं. उन्हाच्या लाटेत माती अशी भाजून निघाली की माझं नखसुद्धा रुतेना. एक माशी भोक पाडायला आली होती. जबड्याने खरवडत राहिली, मग एक हात बाजूला सरकून पुन्हा खरवडलं, मग तिसरीकडे. अर्ध्या तासाने निघून गेली. मी तिथेच बसले होते, काय करावं सुचेना.

तर विचारायचं असं की हवामान बदलल्यामुळे या माश्यांची राहायची जागाच जाते, असं खरंच होतं का? की मी उगीच दोन गोष्टींची सांगड घालतेय? ओळखीतले एक जण म्हणाले, "मधमाश्यांची पेटी आणून ठेव, माश्या त्या माश्या." आणि बांधावर रोज पाणी मारलं तर चालेल का?

---

शंकासूर

आधी वहीला सलाम. पण निष्कर्षाची घाई नको.

एक बांध आणि सात-आठ वर्षं. कीटकांची संख्या एका वर्षी दुप्पट आणि पुढच्या वर्षी निम्मी होणं हा त्यांच्याकडे रोजचा व्यवहार आहे. परजीवी माश्या वाढल्या, शेजारचं फुलझाड तोडलं, कुणी फवारणी केली, काहीही असू शकतं. आणि २०२१ कुठे गेलं? ७१ वरून ३३ ही उडी नेमकी त्या हरवलेल्या वर्षाच्या अल्याड-पल्याड आहे.

औषधांचं विशेष विचारतो, कारण मातीत राहणाऱ्या माशीला औषध फक्त फुलातून मिळत नाही, घराच्या भिंतींतूनही मिळतं. कॅनडात ओंटारियोमध्ये भोपळ्याच्या फुलांवर जगणाऱ्या एका जमिनीतल्या माशीवर प्रयोग झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लागवडीच्या वेळी मातीत इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिलेल्या ठिकाणी माद्यांनी ८५ टक्के कमी घरटी केली आणि पिल्लावळ ८९ टक्क्यांनी कमी निघाली. तिथे हवामानाचा काही संबंध नव्हता. म्हणून म्हणतो, हल्ली प्रत्येक गोष्टीचं खापर हवामानावर फोडायची सवय लागली आहे. आधी बाकीचे संशयित तपासा.

---

तळथर

मी माश्यांची जाणकार नाही. माझं काम मातीचं, म्हणजे ओल मोजणं, तापमान मोजणं, नमुने चाळणं. माश्या माझ्या आयुष्यात आल्या त्या अडचण म्हणून. मातीत पुरलेल्या तापमापकाच्या नळीत एकीने घर केलं होतं आणि माझे आकडे बिघडवले होते. तेव्हापासून दोस्ती आहे.

ओलीमाती, वर्णनावरून तुमची माशी अमेजिला गटातली दिसते, निळ्या पट्ट्यांची. एकांडी माशी. म्हणजे राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. शेजारीशेजारी वस्ती करतात, पण प्रत्येक मादीचा संसार स्वतंत्र. ती बोळ खणते, कुपी करते, आतून ओल न झिरपणारा लेप देते, पराग आणि मकरंद भरते, अंडं घालते, तोंड लिंपते आणि पुढच्या कुपीला लागते. तुम्हाला ढेकळांत सापडल्या त्या याच कुप्या.

जगात मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत. मध साठवणाऱ्या, पोळं बांधणाऱ्या त्यातल्या मूठभर. सुमारे सत्तर टक्के जाती जमिनीत घर करतात. म्हणजे 'माशीचा अधिवास' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फुलांचा ताटवा येतो ना, तो तिचा बाजार झाला. घर मातीत. वर्षाला एकच पिढी असणाऱ्या कित्येक जाती पंख लावून जेमतेम चार-सहा आठवडे उडतात, उरलेले दहा-अकरा महिने अंडं, अळी, कोष अशा अवस्थांत त्या बोटभर कुपीत पडून असतात. उडणारी माशी ऊन लागलं तर सावलीला जाईल, पाऊस आला तर पानाखाली बसेल. कुपीतली अळी कुठे जाणार? म्हणून मला विचाराल तर हवामान बदलाचा हिशेब हवेत नाही, मातीत एक वीत खाली मांडायला हवा. वेधशाळेचं तापमान सावलीतलं आणि जमिनीपासून वर मोजलेलं असतं. उघड्या मातीचा पृष्ठभाग त्याच दुपारी त्याहून पंधरा-वीस अंशांनी सहज जास्त तापतो. खाली जावं तसा हा चढउतार झपाट्याने कमी होतो. माशी खोल खणते त्यामागे हे एक कारण आहे. पण खोल खणायला माती मऊ हवी, आणि माती मऊ राहायला थोडी ओल हवी. लाट लांबली की ओल जाते, चिकणमाती आवळते, आणि जेव्हा खोल जाण्याची सर्वांत जास्त गरज तेव्हाच खणता येत नाही. तुम्ही अर्धा तास जे पाहत बसलात ते हेच होतं.

पावसाचं प्रकरण मात्र वाटतं तितकं सरळ नाही. सगळ्याच माश्या पाण्याने मरत नाहीत. गंमत सांगते. कॅनडातल्याच एका प्रयोगशाळेत बंबलबी या जाडजूड, केसाळ रानमाशीच्या झोपलेल्या राण्या नळ्यांत घालून शीतकपाटात ठेवल्या होत्या. बाष्प साचून काही नळ्यांत पाणी भरलं. संशोधक बाईंना वाटलं, गेल्या या. पाणी काढलं तर राण्या हलायला लागल्या! मग मुद्दाम प्रयोग केला, १४३ राण्यांवर. आठवडाभर पूर्ण पाण्याखाली ठेवलेल्यांतल्याही बहुतेक जगल्या. हे २०२४ चं काम. पण ती झोपलेली राणी होती, आणि गार पाण्यात. तुमच्या कुपीत कोवळी अळी आणि ओला पराग. लेप शाबूत असेल तर ओल बाहेर राहते. बांध ढासळून कुपीच फुटली तर बुरशी लागलीच. म्हणजे मारलं ते पाण्याने नव्हे, भिंत कोसळल्याने. उपाय करताना हा फरक लक्षात ठेवा.

काही जाती तर पावसाचाच इशारा धरून बसतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातली पर्डिटा पोर्टालिस नावाची इवलीशी माशी आहे. तिच्या अळ्या जमिनीत झोपून राहतात आणि ओलावा आला की जाग्या होतात. पण सगळ्या नाहीत. काही उठतात, काही पुढच्या पावसासाठी राखीव राहतात. एका पावसावर सगळी पुंजी लावायची नाही, असा हिशेब. अवर्षणाचं एखादं वर्ष त्या असा झोपून काढतात. पण सलग चार-पाच वर्षं वेळापत्रकच बदललं तर राखीव फौजही संपणार.

रोज पाणी मारू नका. उभ्या तोंडावर तर नकोच. वरचा थर सैल होईल आणि पुढच्या पावसात पुन्हा खाली येईल. बाकीचं सावकाश लिहिते.

---

गवंडीकाम

माझा अनुभव मातीतला नाही, लाकडातला आहे, पण या धाग्यात बसेल.

मी सहा वर्षांपूर्वी गवंडी माश्यांसाठी 'हॉटेल' केलं होतं. लाकडाचा ठोकळा, त्याला वेगवेगळ्या जाडीची भोकं, काही पोकळ नळ्या. मोठ्या हौसेने टांगलं आणि टांगलं कुठे, तर पश्चिमेच्या भिंतीवर, कारण तिथून मला खिडकीतून दिसायचं! पहिल्या हंगामात बावीस नळ्यांची तोंडं चिखलाने लिंपलेली. गल्लीभर सांगत सुटलो. दुसऱ्या वर्षी बाहेर पडल्या किती? चार. उरलेल्या नळ्या चिरून पाहिल्या तेव्हा आत पूर्ण वाढलेल्या माश्या कोषात वाळून बसलेल्या. पंख, मिशा, केस, सगळं जागच्या जागी. बोट लावलं की भुगा होत होता.

नंतर कळलं की हाच प्रकार कुणीतरी नीट मांडून केलेला आहे. अमेरिकेत अॅरिझोनाच्या डोंगरात, ऑस्मिया रिबिफ्लोरिस नावाच्या गवंडी माशीवर. काही घरटी काळी रंगवली म्हणजे जास्त तापतील, पुढे येऊ घातलेल्या हवेसारखी. काही पांढरी, म्हणजे १९५० च्या सुमारासच्या हवेइतकी गार राहतील. काही जशीच्या तशी. काळ्या घरट्यांतल्या पहिल्या वर्षी ३५ टक्के मेल्या, दुसऱ्या वर्षी ७० टक्के. बाकी दोन्हींत एक-दोन टक्के. ज्या जगल्या त्यांचं वजन कमी, अंगात चरबी कमी. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. म्हणजे फुलं तीच, डोंगर तोच, औषध नाही, काही नाही. फक्त घर तापलं.

आणि हे फक्त उन्हाळ्याचं नव्हे. या माश्या थंडीत कोषात नुसत्या पडून असतात, खाणं शून्य. थंडी कडक असेल तर शरीर मंद चालतं. हिवाळा कोमट गेला की झोपेतच चरबी जळते आणि वसंतात बाहेर पडेपर्यंत माशी अर्धपोटी झालेली असते.

ठोकळा आता पूर्वेच्या भिंतीला आहे, वर पुढे आलेलं छप्पर. खिडकीतून दिसत नाही. इलाज नाही.

---

शंकासूर

काळ्या रंगाचा प्रयोग माहीत नव्हता. चांगला आहे, तुलनेला पांढरी घरटी ठेवली हे तर फारच चांगलं.

माझ्याकडूनही एक घ्या म्हणजे मी नुसताच आडवा येतो असं नको वाटायला. मला संग्रहालयातले पुरावे आवडतात, कारण ते कुणाच्या अंदाजावर चालत नाहीत. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात सॉलिडॅगो या पिवळ्या रानफुलाचे वाळवलेले नमुने आहेत, १८४२ पासूनचे. त्यांच्या परागातलं प्रथिन मोजलं तर आजच्या काळापर्यंत ते सुमारे एक तृतीयांशाने घटलेलं निघालं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसं ते घटलं. फूल तेच, पण शिदोरी हलकी. हे घराबद्दल नाही, कोठाराबद्दल आहे, पण कुपीत ठेवलेला परागाचा लाडू तेवढाच दिसला तरी आत काय कमी झालंय ते आपल्याला बांधापाशी बसून कळणार नाही.

२०२१ चा प्रश्न मात्र कायम.

---

ओलीमाती

२०२१ ला मी त्या दिवसांत घरी नव्हते. अंदाजाने आकडा टाकता आला असता, पण मग वहीत राम राहिला नसता. म्हणून पान कोरं आहे.

शंकासूर, तुमच्या औषधाच्या प्रश्नाने मात्र माझी झोप उडवली. विचारपूस केली. बांधापलीकडे २०२३ मध्ये बांधकाम झालं तेव्हा इमारतीच्या पायात वाळवीचं औषध सोडलं होतं. डबा अजून त्यांच्या अडगळीत होता, मी जाऊन वाचला. इमिडाक्लोप्रिड.

आता काय म्हणायचं? माझी सगळी सांगड मोडली का?

---

तळथर

मोडली नाही, पण दोरे दोन झाले. क्रमाने पाहा. ७१ वरून ३३ ही घसरण वाळवीच्या औषधाच्या आधीची, ढासळलेल्या बांधाच्या वर्षातली. तिच्यात २०२१ दडलेलं आहे, शंकासुरांचं म्हणणं खरं. पण औषधाला तिथे जागा नाही. २०२३ नंतरच्या घसरणीत उष्णता आणि औषध दोन्ही आहेत आणि ती तुमच्या वहीवरून वेगळी काढता येणार नाहीत. प्रत्यक्षात ती वेगळी येतही नाहीत. उन्हाने हलकी झालेली माशी आणि औषधाने सुस्तावलेली माशी ही एकच माशी असते.

मला जास्त काळजी पुढच्या गोष्टीची वाटते. जागा बिघडली तर माशीने दुसरीकडे जावं, बरोबर? युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बंबलबींच्या ६७ जातींच्या शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१५ मध्ये. अपेक्षा अशी की दक्षिणेकडे तापलं तर त्या उत्तरेकडे सरकतील. दक्षिणेची हद्द काही ठिकाणी ३०० किलोमीटरपर्यंत मागे आली आणि उत्तरेची जवळपास जागची हलली नाही. म्हणजे घर सरकलं नाही, आकसलं. फुलपाखरं सरकली म्हणून माश्याही सरकतील असं नाही.

तुमची माशी तर एका बांधाला धरून राहणारी. जिथे जन्मली तिथेच आसपास खणते. नवी जागा मिळायला ती उडत्या पल्ल्यात हवी, आणि हल्ली उघडी माती ठेवतं कोण? फरशी, काँक्रीट, नाहीतर हिरवळीची चटई. मधल्या त्या ओबडधोबड, 'काहीतरी करून टाकू या' अशा तुकड्यांवर या माश्यांचा संसार असतो. सावलीतला, उन्हातला, उतारावरचा, सपाटीचा असे चार प्रकारचे तुकडे असतील तर एका वर्षी एक बाद झाला तरी दुसरा तारतो. एकच बांध असेल तर दर वर्षी जुगार.

म्हणून करायचं ते एवढंच. बांधाच्या माथ्यावर हातभर पुढे येईल असं काहीतरी आडोशाला घाला, तिरकी धार तोंडावर बसू नये म्हणून. पत्रा असेल तर मातीला टेकवू नका, मध्ये हवा खेळू द्या, नाहीतर तव्याचं काम करेल. औषधाच्या बाजूपासून लांब, पूर्वेला तोंड करून मातीचा दुसरा ढीग घाला, नीट दाबून. नुसती वाळू नको, बोळ ढासळतात. नुसती चिकणही नको. जुन्या भिंतीचीच माती शिल्लक असेल तर ती उत्तम, पसंती त्यांनी आधीच दिलेली आहे. ढिगाच्या मागून, पायथ्याशी, आठवड्यातून एकदा पाणी मुरू द्या. तोंडावर नाही.

पेटी नको. मधमाश्या वाईट नाहीत, पण ती दुसरी खानावळ नव्हे, त्याच ताटातला वाटेकरी आहे. एक भरलेली वसाहत तीन महिन्यांत जेवढा पराग गोळा करते तेवढ्यात साधारण एक लाख एकांड्या माश्यांची पिल्लं वाढली असती, असा हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला आहे. शिवाय टोमॅटोचं फूल तुमची निळी माशी थरथरवून पराग पाडते, तसं मधमाशीला जमत नाही.

---

गवंडीकाम

थरथरवण्यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियातली हिची बहीण फुलावर चक्क डोकं आपटते, सेकंदाला ३५० वेळा. हळू केलेल्या चित्रफितीत पाहिलंय. मला तर पाहूनच डोकं दुखायला लागलं.

---

ओलीमाती

तीन आठवड्यांनी लिहितेय.

पत्रा लावला, दोन विटांवर उचलून. दुपारी तापमापक घेऊन बसले. पत्र्याबाहेर मातीचा पृष्ठभाग ५६, पत्र्याखाली ४१, आणि बोट जाईल तितक्या खोलीवर ३३. पूर्वेकडचा नवा ढीग इतका मनापासून दाबला होता की स्वतःच थकले. त्यावर अजून एकही माशी फिरकलेली नाही. कुंभारीण (चिखलाचं घर करणारी गांधीलमाशी) तेवढी आली, चिखल घेऊन गेली. पण जुन्या बांधाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या सावलीत, दोन नवी भोकं आहेत. वहीत यंदाच्या सहापुढे अधिक दोन लिहिलंय, वेगळ्या शाईने, कारण हंगामाचे पाच दिवस संपून गेले होते.

आणखी एक. काल दिवेलागणीनंतर बॅटरी घेऊन गेले तर बांधाशेजारच्या एका वाळक्या काडीला माश्या लटकलेल्या. पायांनी नाही, जबड्याने काडी धरून, अंग आडवं, पाय पोटाशी. एकाखाली एक. वाचलं तर कळलं की हे नर, असेच झोपतात. मोजले, अकरा होते. आठ भोकं आणि अकरा नर?

---

तळथर

तुमच्या बांधातलेच असतील असं नाही. जवळपास आणखी एक वस्ती असणार, तुम्ही न पाहिलेली. उडती माशी पाठीमागून पाहण्यापेक्षा सकाळी भिंतींचे पायथे धुंडाळा. वर पागोळी असेल आणि पावसाची धार लागत नसेल अशी बाजू. जुनं मातीकाम कुठे आहे ते आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

---

ओलीमाती

काडी हलवली नाही. उद्या सकाळी निघते.